रक्त येतंय म्हणून तिथं घासायचं बंद केलंत, तिथंच तर घासायचं होतं

विचारणाऱ्यांनी बरंच लांब लिहिलंय, ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वतःचं वय ३६, दिवसातून दोनदा ब्रश करतात, तोही हार्ड ब्रशने दाबून, तरी खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वर मागच्या दाढांपाशी रक्त येतं, म्हणून महिनाभर त्या जागा सोडून बाकीचं घासतायत. आई साठीच्या पुढची, लग्न झाल्यापासून मिश्री लावते, तिला आयुष्यात कधी रक्त आलं नाही, तेव्हा मिश्रीने हिरड्या घट्ट राहतात हे खरं आहे का. मुलगा सहा वर्षांचा, मागची दाढ काळी पडलीय, दुधाचीच आहे म्हणून घरचे म्हणतात सोडून द्या. आणि शेवटी, पेस्ट कुठली.

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते, वीसेक वर्षं होतील आता. एकाच घरातून हे तिन्ही प्रश्न येणं आमच्याकडे रोजचंच आहे. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा घेतला तर उत्तमच, का ते पुढे येईलच.

आधी तुमच्या रक्ताचं. ब्रश लागला म्हणून रक्त आलं असं वाटतं, कारण दिसतं तसंच. पण निरोगी हिरडीला मऊ ब्रश लागला तर रक्त येत नाही. दात आणि हिरडी जिथं मिळतात त्या कडेला जंतूंचा एक पातळ चिकट थर सतत बसत असतो, त्याला प्लाक म्हणतात, नखाने दात खरवडला की पांढरट लोण्यासारखं जे निघतं ना ते. चूळ भरून तो जात नाही, घासूनच निघतो. तिथं तो दोन-चार दिवस पडून राहिला की शरीर त्याच्याशी लढायला तिकडं रक्त वाढवतं, हिरडी लाल होते, फुगते, आतलं अस्तर इतकं नाजूक होतं की पेरू चावला तरी रक्त निघतं. म्हणजे रक्त येतंय ते तुम्ही तिथं जास्त घासलं म्हणून नाही, तुमचा ब्रश तिथं पोचतच नव्हता म्हणून. आणि आता महिनाभर मुद्दाम पोचवला नाहीत, म्हणजे ज्या थरामुळे रक्त येत होतं त्याला तुम्ही अभय दिलंत.

हे कोणाचं मत नाहीये. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आरहूसच्या डेंटल कॉलेजात एक फार सरळ प्रयोग केला, चांगल्या हिरड्यांच्या बारा जणांना सांगितलं की दात घासायचं बंद करा. दहा ते एकवीस दिवसांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, कोणाच्या लवकर कोणाच्या उशिरा, पण सुटला एकही नाही. मग परत घासायला लावलं आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या जागेवर आल्या. आम्हाला कॉलेजात हा प्रयोग शिकवतात तेव्हा परीक्षेपुरता पाठ करतो आपण, पण पेशंट समोर बसला की कळतं यातली कामाची गोष्ट दुसऱ्या अर्ध्यात आहे, की सूज नुसती हिरडीत असेल तोवर ती पूर्ण परत फिरते, औषध न घेता, नुसत्या ब्रशने.

तेव्हा आजपासून मऊ ब्रश घ्या आणि जिथून रक्त येतं तिथूनच सुरुवात करा. पहिले तीन-चार दिवस जास्त रक्त येईल, बेसिन लाल दिसेल, घाबरून परत सोडू नका. आठ-दहा दिवसांत कमी होत गेलं पाहिजे. नाही झालं तर तिथं कीटण चढलंय असं समजा, आणि तुमच्या बाबतीत ते चढलेलंच असणार असं मला वाटतंय, कारण तुम्ही ज्या दोन जागा लिहिल्यात त्या बघा, खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू आणि वरच्या दाढा. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या नळ्या नेमक्या तिथंच उघडतात, एक जिभेखाली आणि एक गालाच्या आत वरच्या दाढेसमोर. लाळेतलं कॅल्शियम तिथल्या प्लाकमध्ये बसतं आणि तो दगडासारखा घट्ट होतो, तेच कीटण, काही दिवसांतच व्हायला लागतं. एकदा घट्ट झाला की ब्रशने, मिठाने, लिंबाने, सोड्याने, कशानेही निघत नाही. लिंबाने तर दाताचंच कवच विरघळतं आणि कीटण आहे तिथंच राहतं. ते मशीननेच काढावं लागतं, त्यालाच स्केलिंग किंवा लोकांच्या भाषेत दात साफ करणं म्हणतात.

आता इथं नव्वद टक्के लोक म्हणणार (आकडा माझा अंदाजपंचे आहे, पण रोज ऐकते मी हे), "मॅडम, साफ केलं की दात हलायला लागतात, आमच्या मेव्हण्याचे हलले." मेव्हण्याचे दात आधीच हलत होते. हिरडी खाली सरकलेली, हाड झिजलेलं, आणि त्या सगळ्याला कीटणाने बांधून ठेवलेलं, ते काढल्यावर खरी परिस्थिती कळली इतकंच. दातांमध्ये फटी वाटतात त्याही तशाच, फट आधीपासून होती, कीटण भरून बसलं होतं. थोडे दिवस थंड लागतं, मग जातं. स्केलिंगने दाताचं कवच खरवडून निघत नाही, मशीनचं टोक थरथरतं आणि कीटण उडवतं, पॉलिश झालं की गुळगुळीत वाटतं. जितकं उशिरा कराल तितकं नंतरचं ढिलेपण जास्त जाणवणार, म्हणून लवकर केलेलं बरं.

तुमच्या हार्ड ब्रशचं आणि दाबून घासण्याचं बोलायलाच हवं कारण सगळ्यात जास्त नुकसान घरोघरी तेच करतंय, विशेषतः जे लोक स्वच्छतेचे भोक्ते आहेत त्यांचं. आडवा ब्रश जोरात रेटला की दाताचा पुढचा फुगीर भाग चकाचक होतो, जो तसाही जिभेने ओठाने पुसला जात असतो, आणि हिरडीची कड, जिथं खरा माल आहे, ती राहून जाते. शिवाय वर्षानुवर्षं रेटून रेटून दाताच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीच्या अगदी वर, पाचरीसारखी खाच पडते. आरशात बघा, सुळ्यांपाशी आणि त्यांच्या मागच्या दोन दातांपाशी नख फिरवून बघा, नख अडकलं तर तुम्हालाही पडलीय. तिथून थंड पाण्याची कळ जाते. दात पिवळे दिसतात म्हणून अजून जोरात घासायचं आणि पांढरं कवच झिजून आतला पिवळा भाग अजून दिसायचा, असं ते चक्र चालू राहतं.

मग घासायचं कसं. ब्रश पेनासारखा बोटात धरा, मुठीत नाही, मुठीत धरला की जोर आपोआप येतो. केसांची टोकं हिरडीकडे तिरकी वळवा, साधारण ४५ अंश, अर्धे केस दातावर अर्धे हिरडीवर. आता पुढेमागे खरखर न करता जागच्या जागी अगदी बारीक थरथर करायची, दोन दातांवर दहा-पंधरा वेळा, की केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतात. मग ब्रश दाताच्या टोकाकडे वळवून काढायचा, वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर, आणि पुढच्या दोन दातांवर जायचं. या पद्धतीचा गाभा चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४०च्या दशकात मांडला, गंमत म्हणजे तो दातांचा डॉक्टर नव्हताच, न्यू ऑर्लीन्समधला फिजिशियन, आधी मलेरियाच्या जंतूंवर काम करणारा, आणि दातांकडे वळला तेव्हा त्याने आधी पाहिलं की जंतू कुठं बसतात आणि त्या जागेप्रमाणे ब्रश फिरवायला सांगितलं. मला म्हणून तो आवडतो.

पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा बसत नाही, तिथं उभा धरायचा आणि टोकाच्या केसांनी एकेक दात ओढायचा. हीच ती तुमची रक्ताची जागा. सगळ्यात शेवटच्या दाढेच्या मागे जायला तोंड थोडं मिटा, आ करून ठेवलं की गाल ताणतो आणि ब्रश आत शिरत नाही, हे कोणी सांगत नाही. उजव्या हाताने घासणाऱ्यांची उजव्या बाजूची आतली कड बहुतेक वेळा राहते, मी पेशंटचं तोंड बघून पुष्कळदा ओळखते कोण डावरा आहे ते. हे सगळं नीट केलं तर दोन मिनिटं लागतात, आणि एकदा मोबाईलवर टायमर लावून बघा, आपण रोज किती वेळ देतो ते कळेल, बहुतेकांचं मिनिटाच्या आत उरकतं.

दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, कुठलाच नाही, महागडा बॅटरीवालाही नाही. तिथं दोरा, म्हणजे फ्लॉस, किंवा फट मोठी असेल तर बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश, आता शहरात मेडिकलमध्ये मिळतो, गावात मागवावा लागतो. रोज रात्री एकदा. सेफ्टी पिन, आगपेटीची काडी, ब्लाउजचा हूक, स्कूटीची किल्ली ही हत्यारं बंद करा, मी खरंच बघितलीत ही सगळी. फटीत रोज एकाच ठिकाणी मटण किंवा मेथी अडकत असेल तर तिथं कोरणं हा उपाय नाहीये, तिथं कीड किंवा भरलेला दात तुटलाय का ते दाखवा.

तुम्ही दोनदा ब्रश करता म्हणता आणि पुढे लिहिलंय की सकाळी उठल्यावर आणि मग ऑफिसला निघताना. म्हणजे रात्रीचा नाहीच! आपल्याकडे तोंड धुणं हे सकाळचं काम, चहाच्या आधी, अगदी बेसिनवर गल्लीला ऐकू जाईल अशी खाकरणी होते, जिभेच्या मुळापर्यंत बोटं घालून, आणि रात्री मात्र जेवलं की बडीशेप आणि झोप. खरं तर एकच वेळ घासायचं असेल तर रात्रीची निवडा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसभर लाळ तोंड धूत असते, आम्ल मारत असते, दाताला परत क्षार देत असते, रात्री हे सगळं बंद, आणि जेवणाचे कण आणि जंतू सहा-सात तास निवांत. दुसरं, रात्री घासल्यावर पेस्ट थुंकायची आणि तिथंच थांबायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. पेस्टमधला फ्लोराइड, म्हणजे दाताचं कवच मजबूत करणारा क्षार, दाताला लागून राहिला तर काम करतो, आपण तो लगेच धुवून टाकतो. पहिले आठ दिवस तोंडात विचित्र वाटतं, मग सवय होते. त्यानंतर पाणी प्यायलंत अर्ध्या तासाने तरी हरकत नाही, पण दूध-बिस्किट नको.

सकाळी चहाआधी घासायचं की नंतर यावर घरोघरी भांडणं आहेत. आधी घासलेलं चालतं. फक्त लिंबू सरबत, संत्रं, कोल्ड्रिंक, किंवा उलटी झाल्यावर लगेच घासू नका, अर्धा तास थांबा, कारण आम्लाने कवच वरवर मऊ झालेलं असतं आणि ब्रशने ते निघून येतं. तेवढ्यात नुसती साध्या पाण्याची चूळ भरा.

आता आईंचं. तुमच्या प्रश्नात हा भाग तुम्ही सहज लिहिलाय पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, चुरून पूड केलेली. नाव काहीही असो, दात घासायची पावडर नाही ती, तंबाखूच आहे. कोकणात, देशावर, गोव्यात बायका ती दात घासायला म्हणून सुरू करतात, बहुतेक वेळा सासूबाईंनी किंवा आईने बोटावर दिलेली, दात दुखला म्हणून नाहीतर बाळंतपणात, आणि मग ती सकाळची एकदा राहत नाही. जेवण झालं की लागते, काम झालं की लागते, झोपायच्या आधी लागते. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की आता मीच त्यांच्या आधी म्हणते. तेही खोटं नसतं, निकोटिनने आतडी हलतात. पण त्याला दात घासणं म्हणत नाहीत, त्याला व्यसन म्हणतात, आणि घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही कारण व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टपरीवरचा पुरुष येतो.

रक्त का येत नाही ते ऐका. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. सूज, लाली, रक्त, ही जी धोक्याची खूण आहे तीच दबून जाते, हिरडी फिकट, जाड आणि घट्ट दिसते, वरून छान. खाली मात्र दात धरणारं हाड जात असतं. मग एक दिवस बाई येतात, "काही दुखलं नाही खुपलं नाही, भाकरी खाताना दात हातात आला." तुमच्या तोंडात निदान घंटा वाजतेय, आईंच्या तोंडातली घंटा निकोटिनने गुंडाळून ठेवलीय. म्हणून तुमचं रक्त येणं आणि त्यांचं न येणं यावरून त्यांच्या हिरड्या चांगल्या असा हिशोब करू नका.

आणि हिरड्या ही त्यातली लहान गोष्ट. चघळायच्या आणि तोंडात लावायच्या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो यात आता वादाला जागा नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातलंय. भारत सरकारने १९९२ सालीच पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्याला कसली बंदी. तेव्हा उद्या सकाळी उजेडात आईंचं तोंड बघा, त्या संकोचतील, सुनेला किंवा लेकीला बघू दे. मिश्री जिथं बोटाने लावतात ती जागा, खालचा ओठ ओढून ओठ आणि हिरडीच्या मधली खाच, गालाची आतली बाजू, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, लाल मखमली डाग, गाठ, कडक लागणारी जागा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला हे दुखतच नाही. तोंड पूर्वीएवढं उघडतं का तेही विचारा, तीन बोटं उभी जात नसतील तर डॉक्टरला सांगा.

सोडवायची कशी हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. डबा फेकून देऊ नका, ओरडू नका, त्या शेजारणीकडे जाऊन लावतील. एवढ्या वर्षांची सवय आहे, अंगात भिनलेली. किती वेळा लावतात ते आधी दोन दिवस त्यांनाच मोजू द्या, मग एकेक वेळ कमी करायची, जेवणानंतरची आधी, सकाळची सगळ्यात शेवटी. पोटासाठी सकाळी गरम पाणी, भाज्या, लागलं तर डॉक्टरांकडून इसबगोल. १८०० ११२ ३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, बोलायला लाज वाटत असेल तर तुम्ही आधी लावून बघा. एक गोष्ट मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा, मिश्री बंद केली की काही दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागू शकतं, कारण आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात. तेव्हा सगळं घर म्हणतं "बघ, मिश्री होती तोवर बरं होतं" आणि परत सुरू. अशा कितीतरी बायका याच टप्प्यावर परत गेलेल्या आहेत. त्या वेळी स्केलिंग आणि मऊ ब्रश, मिश्री नाही. आणि शुगर तपासून घ्या त्यांची, डायबेटिस कंट्रोलमध्ये नसला की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचा संसर्ग असला की शुगर कंट्रोलला येत नाही, दोन्ही बाजूंनी खेच असते.

मुलाची दाढ. आधी मोजा. समोरच्या मधल्या रेषेपासून मागे एकेक दात मोजत जा, पाचव्यापर्यंत दुधाचे. सहावी असेल तर ती दुधाची नाही! सहाव्या वर्षाच्या आसपास कायमची पहिली दाढ दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला कळतच नाही, आणि दुधाची समजून आठव्या-नवव्या वर्षी ती मुळापासून किडलेली घेऊन येतात. आयुष्यभर चावायची मुख्य दाढ आहे ती. त्यावर बारीक खोल चिरा असतात, त्या आल्या आल्या सीलंटने बुजवता येतात, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दहा मिनिटांचं काम आहे.

पाचवी किंवा चौथी निघाली, म्हणजे दुधाची, तरी सोडून देऊ नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. चार-पाच वर्षं पोराला किडक्या दाढेवर ठेवायचं का? पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही त्रास होतो, आणि लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकून जागा खाते, पुढे तारा लावायचा खर्च येतो तो वेगळाच. कीड लहान असेल तर भरता येते, काही ठिकाणी चांदीचं औषध लावून थांबवता येते, त्याने दात काळा पडतो पण कीड थांबते. डॉक्टरला विचारा कुठलं लागू आहे.

आणि दातात किडा वगैरे नसतो हो. बाजारात कापसाच्या बोळ्यावर किडे काढून दाखवणारे असतात, ते किडे त्यांनीच आणलेले असतात. जंतू साखर खातात, आम्ल सोडतात, काही मिनिटांतच दातावरचं आम्ल इतकं वाढतं की कवच विरघळायला लागतं, आणि लाळ ते मारून परत जागेवर आणायला साधारण अर्धा तास ते तास घेते. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणासोबत एक अख्खी पुरणपोळी खाल्लेली परवडली, पण दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक बिस्किट, चॉकलेट, साखरेच्या चहाचा घोट, म्हणजे दाताला सावरायला वेळच नाही. वेफर्स, टोस्ट, खारी बिस्किटं गोड नसली तरी दाढेच्या चिरेत तासभर चिकटून राहतात. पोरांना यापेक्षा शेंगदाणे, फुटाणे, काकडी द्या. तुमच्या स्वतःच्या ऑफिसातल्या पाच चहांचंही हेच, म्हणून वर बिनसाखरेचा म्हटलं.

सहा वर्षांचं मूल स्वतः नीट घासू शकत नाही, हाताला तेवढी सफाईच नसते. सकाळी त्याला घासू द्या, रात्री तुम्ही घासा, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत तरी. समोर उभं राहून नाही, त्याचं डोकं मांडीवर घेऊन किंवा मागे उभं राहून, म्हणजे आत दिसतं. पेस्ट वाटाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पट्टा दाखवतात तो विकण्यासाठी आहे, मोठ्यांनाही तेवढी लागत नाही.

पेस्ट कुठली तर ज्यात फ्लोराइड आहे ती, बास. ट्यूबवर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग फ्लोराइड, असा आकडा लिहिलेला असतो, हजारच्या आसपास हवा, आपल्याकडे नियमाने तेवढीच कमाल आहे. स्वस्तातली चालते. एक अपवाद, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात, तिथं लहान मुलांसाठी पेस्ट डॉक्टरला विचारून घ्या. ट्यूबच्या तळाशी हिरवा, निळा, काळा चौकोन असतो त्यावरून नैसर्गिक की केमिकल हे ओळखायचं असा मेसेज दर दोन वर्षांनी फिरतो, तो चौकोन कारखान्यातल्या मशीनला ट्यूब कुठं कापायची हे कळावं म्हणून असतो, दुसरं काही नाही. कोळशाची पेस्ट, राखुंडी, लाल पावडर, विटेची पूड, मीठ रगडणं, यांनी दात पांढरे वाटतात कारण ते घासून झिजतात. कडुलिंबाची काडी चावून मऊ कुंचा करून वापरलीत तर वरचा थर निघतो, पण आतल्या बाजूला पोचत नाही आणि फ्लोराइड नाही, शेतावर असाल तेव्हा ठीक. तेलाच्या गुळण्या करायच्या तर करा, ब्रशच्या जागी नको. औषधी माऊथवॉश, क्लोरहेक्सिडिनवाला, डॉक्टरने दिला तरच आणि दोन आठवड्यांच्या वर नको, दात तपकिरी होतात, तोंडाची चव जाते, आणि पेस्टनंतर लगेच घेतला तर त्याचा जोरही कमी होतो.

तिघांना एकाच दिवशी न्यायचं जमत नसेल तर आधी आईंना न्या, तुमच्या रक्ताचं दाखवणं आठवडाभर लांबलं तरी चालेल. मुलाची दाढ दुखत नसेल तर त्यानंतर, पण त्याच महिन्यात. त्याला रात्री दुखून जाग येत असेल, गाल सुजला असेल किंवा ताप असेल तर मात्र तो पहिला, त्याच दिवशी, आणि घरात पडलेली गोळी दाढेवर ठेवून झोपवू नका, गाल आतून भाजतो. दवाखान्यात आईंच्या मिश्रीचं तुम्हीच आधी सांगा, त्या स्वतःहून "मंजन लावते" एवढंच म्हणतील.